परदेशी पाहुण्यांना भारत कोण दाखवतो?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी काष्टीच्या जनावरांच्या बाजारात परदेशी विद्यार्थ्यांची एक मिनीबस थांबली. पुण्यात उन्हाळी अभ्यासक्रमासाठी आलेली ही मुले-मुली. शनिवार-रविवार त्यांची 'सांस्कृतिक सहल' असते. सोबतच्या गाईडने त्यांना शिंगे रंगवलेली खिलार जोडी दाखवली, घुंगरमाळा दाखवल्या, दलालांचा रुमालाखालचा सौदा समजावून सांगितला आणि 'हाच खरा भारत' असे जाहीर करून टाकले. एका मुलीने विचारले, हे दोर-कासरे विकणारे लोक कोण? यांची जात ठरलेली असते का? गाईड हसला. म्हणाला, जात आता पुस्तकात राहिली आहे, गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. दोर विकणारे मातंग समाजाचे आजोबा चार पावलांवर बसले होते. त्यांना कोणी काही विचारले नाही. तासाभरात बस सिद्धटेकच्या गणपतीकडे निघून गेली.

आम्ही त्या संस्थेचे नाव घेत नाही, कारण दोष एका संस्थेचा किंवा एका गाईडचा नाही. दोष त्या नकाशाचा आहे, ज्यावरून अशा सगळ्या सहली निघतात. त्या नकाशावर मंदिर आहे, वाडा आहे, किल्ला आहे, थाळी आहे, योग आहे, लावणी आहे. नाही ती फक्त जात. आणि जात वगळून भारत दाखवणे म्हणजे पाणी वगळून समुद्र दाखवणे.

तरुण मित्रांनो, तुम्ही म्हणाल, गावात प्यायला पाणी नाही, वसतिगृहाचा भत्ता वर्ष-वर्ष मिळत नाही, आणि तुम्ही परदेशी पोरांच्या सहलीवर काय लिहीत बसलात? थोडा दम धरा. ही सहल दिसते तितकी साधी नाही.

सहल नव्हे, हा अभ्यासक्रम आहे

त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. जून ते ऑगस्ट अमेरिकेतली विद्यापीठे सुट्टीवर असतात आणि त्या काळात हजारो विद्यार्थी सहा-आठ आठवड्यांसाठी जगभर शिकायला जातात. महाराष्ट्रात त्यांचे मुख्य ठिकाण पुणे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. इतर विद्यापीठांचे आणि खाजगी संस्थांचे कार्यक्रमही वेळोवेळी येतात. आठवडाभर वर्ग, मुक्काम एखाद्या यजमान कुटुंबात आणि सुट्टीच्या दिवशी सहल, अशी सर्वसाधारण रचना असते.

वर्गात शिकलेले व्याकरण ही मुले वर्षभरात विसरतात. सहलीत पाहिलेले आयुष्यभर विसरत नाहीत. यांच्यातूनच उद्याचा प्राध्यापक, पत्रकार, वकील, दूतावासातला अधिकारी निघतो. तो तिकडे जाऊन सांगतो, 'मी भारत पाहिला आहे, मी तिथल्या खेड्यात गेलो आहे.' त्याच्या शब्दाला वजन येते. त्याने पाहिलेला भारत कोणी निवडून दिला, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, सहल हाच खरा अभ्यासक्रम आहे, आणि या अभ्यासक्रमाच्या समितीवर आपला एकही माणूस नाही.

काय दाखवतात, काय गाळतात

पुण्यापासूनच सुरुवात करू. पहिली भेट शनिवारवाड्याला. दिल्ली दरवाजा, कारंजी, बाजीराव-मस्तानी. छान. पण याच पेशवाईत अस्पृश्यांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. पेशवाईत आपल्या माणसांवर काय गुदरले ते तिने त्यात सांगितले आहे. तो निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, आणि 'ज्ञानोदय' सुरू झाले ते १८४२ मध्ये आपल्या नगरमध्ये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा हा निबंध शनिवारवाड्याच्या पायरीवर बसून परदेशी विद्यार्थ्यांनी वाचला तर काय बिघडेल? कारंज्याचे पाणी आटेल?

दुसरी भेट पर्वतीला. टेकडी चढायची, देवळे पाहायची, वरून पुण्याचे फोटो काढायचे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही त्या लढ्यातली नावे. सत्याग्रहींवर दगडफेक झाली होती. पायऱ्या किती आहेत हे गाईडला तोंडपाठ असते. त्या पायऱ्या कोणाला बंद होत्या, हे त्याच्या पाठांतरात बसत नाही.

तिसरी भेट लेण्यांना. कार्ल्याचा चैत्य पाहताना आधी एकवीरेचे मंदिर लागते. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला तर बौद्ध विहारातच गिरिजात्मज गणपती आहे आणि लोक त्याला अष्टविनायक म्हणून ओळखतात. ही लेणी कोणाची होती, तिथले भिक्खू कुठे गेले, विहारात देव कधी आणि कसे आले, असा प्रश्न कोणत्याही जिज्ञासू मुलाला पडायला हवा. पण 'प्राचीन भारतीय कला' या तीन शब्दांत तो प्रश्न गाडला जातो.

चौथी भेट, आणि पावसाळ्यात तर हमखास, वारीला. आषाढातली पालखी म्हणजे समतेचा सोहळा, इथे कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही, असे सांगितले जाते. वारकऱ्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला आदर आहे. त्यात आपलेही लोक आहेत, आपल्या आज्या-पणज्याही चालल्या आहेत. पण समतेच्या या सोहळ्यात वेगवेगळ्या जातींच्या दिंड्या वेगळ्या चालतात आणि चुली वेगळ्या पेटतात, हे इरावती कर्वे यांनी स्वतः चालून 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले आहे. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर, पायरीजवळ आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे अस्पृश्यांसाठी ते दार उघडले. जिथे बाहेर ठेवलेल्या माणसाची समाधीही बाहेरच आहे, तिथे उभे राहून समतेचे प्रवचन देणाऱ्याला जराही अडखळायला होत नाही?

आणि फुलेवाडा? भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली? कोरेगाव भीमाचा स्तंभ, जो पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर नगर रस्त्यावरच उभा आहे आणि जिथे १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब गेले होते? देहूरोडचे बुद्धविहार, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली? ही ठिकाणे दूर नाहीत, महागही नाहीत. तरीही ती 'संस्कृती'त बसत नाहीत. का बसत नाहीत, हे समजायला पीएचडी लागत नाही.

काष्टीचा बाजार काय शिकवू शकला असता

आता आपल्या काष्टीकडे या. दौंड-मनमाड रेल्वेवरचे, श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव. आमचा शनिवारचा बाजार बैलांसाठी नावाजलेला. तो गाईड ज्या बाजारात तासभर हिंडला, तिथे समाजशास्त्राचे अख्खे पुस्तक उघडे पडले होते.

बैलाच्या अंगावरची एकेक वस्तू घ्या. वेसण, कासरा, दावे, म्होरकी. दोर वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंगांचे. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे. चाबूक, पायताण, जुन्या काळी मोट शिवण्याचे काम चांभारांचे. बैल जिवंत असेपर्यंत त्याची मालकी जमीनवाल्याची, आणि मेला की त्याला ओढून नेण्याची सक्ती महारांवर. एका बैलाभोवती गावगाड्याने सगळ्या जाती बांधून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकाच्या गळ्यातले दावे कोण वळणार हेही ठरवून ठेवले होते. बाबासाहेबांनी महाडला मेलेली जनावरे ओढणे सोडा म्हणून सांगितले आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, ते याच गाठी सोडवण्यासाठी. आज नायलॉनच्या दोराने मातंगांचा धंदा बसवला. पण त्या धंद्याने चिकटवलेली ओळख मात्र नायलॉनने तुटली नाही.

दुसरा धडा कायद्याचा. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हे कोरडवाहू शेतकऱ्याचे गणित त्या दिवशी मोडले. त्याचा फटका कुरेशी व्यापाऱ्याला बसला, कातड्यावर जगणाऱ्या ढोर-चांभारांना बसला आणि ज्याच्या गोठ्यात भाकड जनावर उभे राहिले त्या कुणब्यालाही बसला. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २०१६ रोजी, गुजरातमध्ये उनाला मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले. शिंगांचा रंग पाहणाऱ्या परदेशी मुलांना बाजारातल्या या भीतीचा रंगही दिसायला हवा होता.

तिसरा धडा उसाचा. या पट्ट्यातले साखर कारखाने दिवाळीच्या आगेमागे पेटतात. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि बैलगाडीसाठी जोडी विकत घेतो. म्हणजे जोडी मजुराची दिसते, कर्ज मुकादमाचे असते, आणि हंगामभर राबून ते फिटेलच याची हमी नसते. 'खेड्यातले रम्य जीवन' म्हणून ज्या जोडीचा फोटो निघतो, तिच्या मानेवर जू असते तसे तिच्या मालकाच्या मानेवर उचल असते.

चौथा धडा नावाचा. आमच्या तालुक्याचे नाव आज श्रीगोंदा. जुन्या कागदांत ते चांभारगोंदे असे सापडते. गोविंद नावाच्या चांभार भक्तावरून ते पडले असे सांगितले जाते. चांभार गेला आणि श्री आला. याच गावात संत शेख महंमदांचा दर्गा आहे. 'योगसंग्राम' लिहिणारा हा मुसलमान वारकरी संत. एका तालुक्याच्या नावात आणि एका दर्ग्यात या देशाची जात आणि या देशाची जातीविरुद्धची परंपरा, दोन्ही सापडतात. गाईड मात्र अर्धा तास अष्टविनायकांची नावे पाठ करून घेत होता.

पाचवा धडा सांगताना जीभ जड होते. याच जिल्ह्यात १ जानेवारी २०१३ ला सोनईत मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे हत्याकांड झाले. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारून झाडाला लटकवले. सोनईच्या खटल्यात २०१८ मध्ये शिक्षा झाली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. ज्या जिल्ह्यात न्यायालयासमोर साक्षीदार उलटतात, त्या जिल्ह्यात पाहुण्यांसमोर गाईड उलटणारच. फरक इतकाच, की गाईडला कोणी धमकावत नाही. तो सवयीने उलटतो.

१९१६ चा विद्यार्थी

मित्रांनो, परदेशी विद्यार्थी, सहल आणि गाईड हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. तो बाबासाहेबांच्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधाच्या पहिल्याच पानावर आहे.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेलेला हा विद्यार्थी सुरुवात कशाने करतो? प्रदर्शनांपासून. वस्तूंची प्रदर्शने आपण पाहतो, पण मानवी संस्थांचे प्रदर्शन ही कल्पना लोकांना विचित्र वाटते, असे ते म्हणतात. मग ते पॉम्पेईच्या अवशेषांची आणि तिथे पर्यटकांना घडाघडा इतिहास सांगणाऱ्या गाईडची आठवण काढतात. समाजाचा अभ्यास करणारा विद्यार्थी हाही एका अर्थाने गाईडच, असे सांगून ते जातीसंस्थेचा उगम आणि तिची यंत्रणा उलगडायला लागतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अमेरिकी विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गात भारत दाखवण्याची संधी मिळाली तेव्हा या तरुणाने ताजमहाल दाखवला नाही, वेद दाखवले नाहीत. त्याने जात दाखवली. बंदिस्त विवाह, म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे जातीचे मर्म आहे हे दाखवले. सती, विधवेवरची सक्ती आणि बालविवाह यांचा जातीशी असलेला संबंध दाखवला. परदेशी मंडळींना भारत दाखवणारा आधुनिक काळातला सर्वात मोठा गाईड आपल्या घरातला आहे. आणि आज त्याची नातवंडे चार पावलांवर बसून दुसऱ्याचे गाईडपण ऐकत आहेत.

उलट बाजूने आलेल्यांनीही हे सिद्ध केले आहे. एलिनॉर झेलियट संशोधक विद्यार्थिनी म्हणून महाराष्ट्रात आल्या, आपल्या माणसांत बसल्या, आणि १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बाबासाहेब आणि महार चळवळ या विषयावर पीएचडी मिळवली. गेल ऑम्वेट अमेरिकेतून आल्या, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच होऊन गेल्या. या दोघींना ठरलेल्या नकाशाबाहेरचा महाराष्ट्र भेटला, म्हणून जगाला फुले-आंबेडकर वाचायला मिळाले.

आणि आपल्या नगरचे उदाहरण तर सगळ्यांच्या आधीचे आहे. पुण्याचा एक माळ्याचा तरुण आपल्या मित्रासोबत, सदाशिव गोवंडे यांच्यासोबत, अहमदनगरला येतो. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहतो. परत जातो आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढतो. त्या तरुणाचे नाव जोतीराव फुले. ही खरी अभ्याससहल! पाहिले, प्रश्न पडला, परत जाऊन काम उभे केले. सहलीची कसोटी हीच.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप प्रस्थापितांचा. 'परक्यांसमोर देशाची बदनामी करता?' आमचे उत्तर सोपे आहे. बदनामी सांगणाऱ्याने होत नाही, करणाऱ्याने होते. बाबासाहेबांनी १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत जगासमोर अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडली तेव्हाही हीच बोंब झाली होती. त्याच माणसाने पुढे या देशाला संविधान दिले. घरातली घाण दाखवणारा शत्रू नसतो. घाण सतरंजीखाली सारून पाहुण्यांना बसवणारा घराचा वैरी असतो.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. 'म्हणजे आता गोऱ्यांच्या बस आपल्या वस्तीत आणायच्या? आपल्या आयाबहिणींच्या दारिद्र्याचे फोटो काढायला द्यायचे?' मुंबईत धारावीच्या गल्ल्यांतून पर्यटकांच्या सहली निघतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. गरिबीचे पर्यटन हे मंदिर-पर्यटनाचेच सावत्र भावंड आहे. एकात आपण अदृश्य असतो, दुसऱ्यात आपण नुसतेच दृश्य असतो. दोन्हीकडे आपल्याला तोंड नसते. आम्हाला हे दोन्ही नको. आमचे म्हणणे 'आम्हाला पाहा' असे नाही. आमचे म्हणणे 'आमचे ऐका, आणि आम्ही कशाकडे बोट दाखवतो तिकडे पाहा' असे आहे. वस्ती दाखवायची असेल तर आधी वेस दाखवावी लागेल. वस्ती वेशीबाहेर कोणी ठेवली, हे विचारल्याशिवाय वस्तीत पाऊल टाकायचे नाही.

यात आपले काय पणाला लागले आहे

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. हे आपल्याला का लागते?

कारण जात विमानाने कधीच सातासमुद्रापार गेली आहे, आणि तिचे खटले आता तिकडे चालतात. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदावर बंदी घातली. मग कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने एसबी ४०३ हे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. या प्रत्येक लढ्यात समोरून एकच युक्तिवाद येतो: भारतात जात आता उरलेली नाही, हा इंग्रजांनी फुगवलेला जुना विषय आहे. काष्टीच्या बाजारात गाईडने सांगितलेले वाक्य आणि कॅलिफोर्नियात वकिलाने सांगितलेले वाक्य एकच आहे. पुण्याहून 'जात संपली' हे शिकून गेलेला विद्यार्थी उद्या तिकडच्या विद्यापीठाच्या समितीत बसतो, आणि आपल्या पोराची तक्रार त्याच्यासमोर येते. तेव्हा त्याला कोणता भारत आठवेल?

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आपल्या मुलांना परदेशी शिकायला पाठवते. एकूण १२५ जागा, त्यात अनुसूचित जातींसाठी ११५. फेब्रुवारी २०२२ मध्ये या योजनेच्या नियमावलीत एक कलम घुसवले गेले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन, या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे काय झाले पाहा. परदेशी मुलाने इथे यावे आणि भारतीय संस्कृती पाहावी, त्याला पायघड्या. आपल्या मुलीने तिथे जावे आणि भारतीय संस्कृतीची चिकित्सा करावी, तिला बंदी. हे कलम १९१३ मध्ये असते तर 'कास्ट्स इन इंडिया' लिहायला बाबासाहेबांना शिष्यवृत्तीच मिळाली नसती! सयाजीरावांच्या संस्थानाला जे सुचले नाही ते लोकशाही सरकारला सुचले. इकडचा गाईड आणि तिकडचे कलम ही एकाच कुलपाची दोन कड्या आहेत. संस्कृती दाखवण्याचा हक्क आमच्याकडे नाही, आणि तपासण्याचा हक्कही काढून घ्यायचा.

मग करायचे काय

नुसती टीका करून थांबणे ही आपली परंपरा नाही. आमचे सांगणे असे आहे.

एक. आपला मार्ग आपण आखू. पुण्यात फुलेवाडा, भिडेवाड्याची जागा, पर्वतीच्या पायऱ्या. मग दौंडमार्गे रेल्वेने काष्टी, शनिवारचा बाजार, श्रीगोंद्यात शेख महंमदांचा दर्गा. पुढे नगरला फॅरारबाईंच्या शाळेचा आणि 'ज्ञानोदय'चा इतिहास. परतताना नगर रस्त्याने कोरेगाव भीमा. दोन दिवसांत होणारा हा मार्ग आहे. याला पंचतारांकित काही लागत नाही, माहिती असलेला माणूस लागतो.

दोन. पाहुणे येतात त्या महिन्यांतले आपले दिवस त्यांना कळवू. २६ जून, शाहू महाराजांची जयंती. ११ जुलै, १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण शहीद झाले तो दिवस. २६ जुलै, १९०२ ला करवीर संस्थानात आरक्षणाचा जाहीरनामा निघाला तो दिवस. १ ऑगस्ट, अण्णा भाऊ साठे जयंती. आणि आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास. गावोगावच्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. वारी पाहायला आलेल्या विद्यार्थ्याने एक संध्याकाळ विहारात सतरंजीवर बसून ते वाचन ऐकावे. महाराष्ट्राच्या पावसाळ्याला दोन परंपरा आहेत, हे त्याला कळेल.

तीन. आपल्या अटी ठरवू. बोलणारा माणूस आपला असेल. त्याला मानधन मिळेल, 'सेवा' म्हणून फुकट नाही. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो निघणार नाही. येणाऱ्याने 'कास्ट्स इन इंडिया' आणि मुक्ता साळवे यांचा निबंध वाचून यायचे. परत जाऊन आमच्याविषयी जे लिहाल ते मराठीतही आम्हाला द्यायचे, म्हणजे चुकीचे असेल तर आम्हाला बोलता येईल.

चार. संस्थांना जाहीर प्रश्न विचारू. तुमच्या यजमान कुटुंबांत बौद्ध, मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, मुस्लिम घरे किती? ताडीवाला रोड, कासेवाडी, येरवड्यातली किती? तुमच्या शिक्षकांत आपले किती? सहलीची ठिकाणे कोण ठरवते? उत्तर शून्य असेल तर तेही उत्तरच आहे, ते लेखी द्या.

पाच. आणि हे आपल्या स्वतःसाठी. इंग्रजी शिका. इतिहास तारखांसह पाठ करा. तालुक्या-तालुक्यात पाच जण असे तयार व्हा, जे कुठल्याही पाहुण्याला, तो अमेरिकेचा असो की मुंबईचा, आपल्या गावाची वेस, पाणवठा, स्मशान आणि बाजार दाखवून दोन तास बोलू शकतील. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या भावाबहिणींनो, तिकडे तुम्हाला राजवाडे आणि पुतळे दाखवायला नेतील तेव्हा जरूर जा. पण एक दिवस लंडनच्या १० किंग हेन्रीज रोडला जा, बाबासाहेब राहिले त्या घरी. कोलंबियाच्या ग्रंथालयातल्या त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहा. सोबत तिथल्या दोन मित्रांना न्या आणि त्यांना सांगा, हा माणूस इथे शिकायला आला होता आणि त्याने तुमच्या लोकांना आमचा देश समजावून सांगितला होता.

ज्याच्या हातात बोट दाखवण्याचा अधिकार असतो, तोच ठरवतो जगाने काय पाहायचे. बाबासाहेबांच्या पुतळ्याचे बोट उगाच पुढे केलेले नाही. त्या बोटाच्या दिशेने बघायला आपण शिकलो. आता त्या दिशेने दाखवायला शिकू.

जय भीम! जय संविधान!